पुरवठ्याचे जेवण

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या भाचीचा अमेरिकेहून फोन आला. ती पेन्सिल्व्हानिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात राहते. फोन आला की आम्ही उभयता तो मेजावर मधोमध ठेवून एकदमच ऐकतो आणि बहुधा एकदमच बोलतो. इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर ती म्हणाली, "मामी, काल घरी आमिश जेवण केलं होतं."

आम्ही क्षणभर बुचकळ्यात पडलो. आमच्या कानांनी 'आमिष' असे ऐकले. सामिष आणि निरामिष हे शब्द आता खानावळीच्या पाटीवरही क्वचितच दिसतात. असे असता कोल्हापूरच्या घराण्यातील या मुलीने मटणास एकाएकी संस्कृत नाव का द्यावे, याचा उलगडा आम्हांस होईना. "अगं, तुझं जेवण निरामिष कधी होतं?" असे आमच्यापैकी एकाने विचारलेच. त्यावर तिकडून खळखळून हसण्याचा आवाज आला आणि मग खुलासा झाला. तिच्या गावाभोवती आमिश नावाच्या पंथाचे शेतकरी राहतात. त्यांच्या घरगुती पद्धतीचा एक पदार्थ तिने केला होता.

पदार्थ असा. खोलगट भांड्यात बटाट्याच्या पातळ चकत्यांचा थर लावावयाचा. त्यावर कांद्याबरोबर चांगला परतलेला खिमा पसरावयाचा. त्यावर बारीक चिरलेला कोबी, पुन्हा बटाटा, आणि वरून लोण्यावर मैदा भाजून दुधात शिजवलेली दाटसर पेज ओतावयाची. शेवटी शिळ्या पावाचा चुरा भुरभुरून तासभर भट्टीत ठेवावयाचे. मीठ आणि मिरी यांखेरीज मसाल्याचे नाव नाही. "एक पौंड खिम्यात सहा माणसं पोटभर जेवतात," ती म्हणाली; आणि जरा वेळाने, दुसरेच काही बोलत असताना, पुन्हा म्हणाली, "सहा माणसं, मामा, एका पौंडात." तिकडे हा पदार्थ गोमांसाच्या खिम्याचा होतो, ती मात्र टर्कीचा घेते, तो स्वस्त पडतो. "मी स्वतः फार घेत नाही. मला हल्ली मांस जड जातं," असेही तिने ओघात सांगितले. आम्ही 'बरं, बरं' म्हटले आणि फोन ठेवला.

आमिश लोकांविषयी आम्ही पूर्वी थोडेफार वाचले होते. आता मुद्दाम वाचले. युरोपातील अनाबाप्टिस्ट ख्रिस्ती पंथात १६९३ साली फूट पडली. याकोब आमान नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे जे गेले ते आमिश. छळास कंटाळून हे लोक अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेन्सिल्व्हानियात येऊन वसले. आजही त्यांच्यातील जुन्या वळणाची माणसे मोटार बाळगीत नाहीत, घोड्याच्या गाडीतून जातात, आणि घरात गावच्या तारेची वीज घेत नाहीत. त्यांची प्रार्थना देवळात नसते. दर पंधरवड्यास आळीपाळीने कोणाच्या तरी घरी असते, आणि नंतर सर्वांचे जेवणही तेथेच. लग्नात शेकडो पाने उठतात. त्या पंगतीचा मुख्य पदार्थ म्हणजे कोंबडीचे मांस सोडवून पावाच्या तुकड्यांत कालवून भाजलेले मिश्रण. शेकडो माणसांस कोंबड्या पुरवावयाच्या, तर त्यांत पाव मिसळला पाहिजे, हे गणित त्यांच्या बायकांनी केव्हाच सोडविले आहे.

आणखी एका गोष्टीने आम्हांस त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला. हे लोक घरात आपली जुनी जर्मन बोली बोलतात, प्रार्थनेत ग्रांथिक जर्मन वापरतात आणि बाजारात इंग्रजी. पंथाबाहेरच्या सर्वांस ते सरसकट 'इंग्लिश' म्हणतात. बेंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसास यात नवल वाटण्यासारखे काय आहे? घरात कोल्हापुरी, मंडळाच्या सभेत पुस्तकी मराठी आणि भाजीवाल्याशी कानडी, हा क्रम आम्ही अर्धशतक चालविला आहे. शहाजीराजांस ही जहागीर मिळाली तेव्हापासून, म्हणजे १६३८ नंतर, येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांनी तर तो शतकानुशतके चालविला. भाषा बाहेर बदलते. चुलीपाशी ती बराच काळ टिकते.

पुढच्या रविवारी आम्ही तो पदार्थ करावयाचे ठरविले. गोमांसाचा प्रश्न उद्भवलाच नाही. कर्नाटकात २०२० च्या कायद्यान्वये गोवंशाची कत्तल बंद आहे, आणि आमच्या घरात तर ते कधीच येत नव्हते. आम्ही नेहमीप्रमाणे शिवाजीनगरास गेलो. तेथील रसेल मार्केटची इमारत १९२७ सालची. तिच्या आसपासच्या गल्ल्यांत आमचे एक जुने दुकान आहे, तेथे अजून यंत्रात न दळता लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी खिमा कुटून देतात. बकऱ्याचे मटण तेव्हा किलोस आठशे रुपयांच्या आसपास गेले होते. आम्ही अर्धा किलो घेतले. बटाटे, कोबी, कांदे, अर्धा लिटर दूध, थोडे लोणी आणि कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतला पाव, एवढे धरून सर्व खर्च सहाशे रुपयांच्या आत आला. जेवावयास आम्ही दोघे, मुलगा, सून, दोन नातवंडे आणि शेजारचे दांपत्य अशी आठ माणसे होती.

आमच्याकडे भट्टी नाही. जाड बुडाचे पातेले तापल्या तव्यावर ठेवून, झाकणावर निखारे घालून आमच्या लहानपणी केक आणि नानकटाई होत असे. निखाऱ्यांच्या जागी आम्ही दुसरा तापलेला तवा ठेवला. मंद आचेवर सव्वा तास लागला. पदार्थ उतरला तो सोनेरी, मऊ आणि, खरे सांगावयाचे तर, आमच्या जिभेस थोडा अळणी. नातवंडांनी त्यावर लसणाची चटणी घेतली. पण पातेले रिकामे झाले आणि आठही माणसे तृप्त झाली. अर्धा किलो मटणाचा आठ माणसांत रस्सा केला असता, तर प्रत्येकाच्या वाटीत तीन-चार फोडी आल्या असत्या आणि प्रत्येकाने त्या मोजल्या असत्या.

ही मोजणी हाच खिम्याचा खरा विषय आहे, असे आम्हांस वाटते. फोडींच्या मटणात वाढणाऱ्याचा पक्षपात दिसून येतो. नळी कोणास गेली, कलेजी कोणाच्या पानात पडली, आणि नुसता बटाटा व रस्सा कोणाच्या वाट्यास आला, हे पंगतीतील लहान मूलही सांगू शकते. खिम्यात तसे होत नाही. मांस एकदा बारीक झाले की ते मोजता येत नाही. त्याचा रस बटाट्यात, वाटाण्यात, डाळीत इतका उतरतो की घासाघासाला त्याची चव लागते, आणि आपल्या घासात मांस किती व बटाटा किती याचा हिशेब कोणी मांडीत बसत नाही. मात्र त्यासाठी घाई उपयोगाची नाही. खिमा पातेल्यात पडला की प्रथम पाणी सोडतो. ते पाणी आटेपर्यंत धीर धरला पाहिजे. पुढे तो बुडास किंचित चिकटू लागतो, तूप सुटते आणि रंग तपकिरी होतो. तेव्हाच कांदा-मसाला आणि त्यानंतर भर. पाणी आटण्यापूर्वी बटाटा घातला, तर बटाटा उकडतो, खिमाही उकडतो, आणि दोघे एकमेकांस ओळखही देत नाहीत.

मराठी स्वयंपाकात खिम्याची श्रीमंत रूपेही आहेत. कायस्थ प्रभूंच्या घरचे खिम्याचे कानवले ज्याने खाल्ले, तो ते विसरत नाही. राजेरजवाड्यांच्या पाककृतींच्या पोथ्याही राहिल्या आहेत. याच बेंगळुरातून एकोजीराजे तंजावरास गेले. त्यांच्या वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळची 'शरभेंद्र पाकशास्त्र' ही मराठी पोथी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहे, आणि तीत इंग्रजी धर्तीचे पदार्थसुद्धा आहेत. पण पावशेरात नऊ माणसे कशी जेवली, याची पोथी कोणी लिहून ठेवली नाही.

निदान आमची तशी समजूत होती. भाचीने पुढच्या फोनवर तीही दूर केली. आमिशांचे पंथबंधू जे मेनोनाइट, त्यांच्यातील डोरिस जॅन्झेन लाँगेकर या बाईंनी १९७६ साली 'मोर विथ लेस' नावाचे पाकपुस्तक काढले. थोडक्यात अधिक, असा त्या नावाचा भाव. जगात अन्नटंचाई होती, म्हणून १९७४ साली मेनोनाइट सेंट्रल कमिटीने आपल्या लोकांस अन्नाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. त्यातून हे पुस्तक निघाले. आमच्या पिढीस अशा आवाहनाची ओळख होती. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी सोमवारचे एक जेवण सोडण्यास सांगितले, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. भाचीने ते पुस्तक गावच्या वाचनालयातून आणले होते. पाने चाळता चाळता ती थबकली. एका पानावर 'पाकिस्तानी कीमा' असे नाव होते. खिम्यात बटाटा, टोमॅटो आणि वाटाणे. "मामा, हा तर आजीचा खिमा!" ती म्हणाली. "आजी कशी करायची, नीट सांगाल का? तिच्या खिम्यात बटाट्याशिवाय आणखी काहीतरी असायचं."

असायचे खरे. आणि ते सांगावयाचे तर १९८०-८१ चा हिवाळा सांगितला पाहिजे.

२६ डिसेंबर १९८० रोजी बेंगळुरातील सार्वजनिक क्षेत्राच्या कारखान्यांत संप सुरू झाला. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्थान मशीन टूल्स अशा कारखान्यांतील सव्वा लाखाच्या घरात कामगार त्यात होते. भेलच्या बरोबरीने वेतन मिळावे, ही मुख्य मागणी होती. हा संप सत्त्याहत्तर दिवस चालला. आमच्यापैकी एकाची नोकरी अशाच एका कारखान्यात होती आणि दुसऱ्याची नोकरी नव्हती. मत्तिकेऱ्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघे, दोन मुले आणि आई राहत होतो. आई एकाची जन्माने आणि दुसऱ्याची लग्नाने. पण त्या दिवसांत कोणाची कोणत्या नात्याने, हे पाहण्यास कोणास सवड नव्हती. शिवाय एकटे राहणारे संपातले दोन सोबती, एक मल्याळी आणि एक रायचूरकडचे, आठवड्यातून दोन-तीनदा आमच्याकडेच जेवत. ही सोय आम्ही योजलेली नव्हती. आईंनी एकदा त्यांस 'बसा' म्हटले आणि ते बसत गेले.

पहिल्या महिन्यात साठवण संपली. दुसऱ्या महिन्यात पाटल्या गहाण पडल्या. किराणावाला वहीत लिहून घेई, परंतु मटणवाल्याकडे वही नसे. कोल्हापूरच्या माणसाने रविवार मटणाशिवाय काढावा, ही गोष्ट आईंस पटण्यासारखी नव्हती. "पोरांच्या तोंडाला चव नको व्हय?" असे म्हणून त्या रविवारी पाव किलो खिमा आणवीत. त्यास त्या शेवटपर्यंत पावशेरच म्हणत.

पावशेरात सात आणि कधी नऊ माणसे जेवत, ती अवरेकाईच्या बळावर. अवरेकाई म्हणजे आपला पावटा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा बेंगळुरात त्याचा हंगाम. मागडीकडच्या शेंगांना एक उग्र गोड वास असतो. कानडीत त्यास 'सोगडु' म्हणतात. त्या वासाने रस्ता भरून जातो. हंगामात हे दाणे बटाट्याहूनही मुबलक. शेजारच्या कानडी बाईंनी आईंस 'हितकिद बेळे' शिकविले. दाणे रात्रभर भिजत घालावयाचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबला की आतली डाळ टुणकन उडून परातीत पडते. वालाच्या डाळिंब्या सोलतात तसेच हे काम. मुलांस तो खेळ वाटे आणि आमचे संपकरी सोबतीही परातीभोवती बसून दाणे उडवीत. हाताला काम नसलेल्या माणसांस ते काम मोठेच वाटे. शेरभर डाळ पावशेर खिम्यात पडे, वर कांदा-लसणाचा मसाला. पावटा मांसाचा रस पिऊन असा फुगे की मुले त्यासच मटण समजून मागून घेत.

वाढण्यास आई स्वतः बसत. त्या स्वतः मात्र खात नसत. "मी खंडोबाचा रविवार धरलाय," असे त्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच सांगून टाकले होते. खंडोबा आमचे कुलदैवत. संप लवकर मिटावा म्हणून आईंनी नेम धरला असावा, असे आम्ही समजलो आणि आम्हांस त्याचे बरेही वाटले. त्या भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आमच्यामागून जेवत. खिमा मोजता येत नाही हे त्याचे पुण्य, असे वर आम्ही म्हटले. परंतु त्या पुण्याची दुसरी बाजू अशी की, त्यातून एक माणूस सबंध वगळले गेले तरी पातेल्याकडे पाहून कोणास ते कळत नाही.

मार्चमध्ये संप मिटला. पगार हाती यावयास आणखी वेळ लागला. तो आला त्या रविवारी आम्ही हौसेने एक किलो मटण आणले, फोडींचे. आईंनी रस्सा केला, सर्वांस वाढले, आणि मग स्वतःचे ताट घेऊन आमच्याच पंगतीस बसल्या. त्यांच्या ताटात नळी होती. आम्ही पाहतच राहिलो.

"आई, आज रविवार," आमच्यापैकी एकाने हळूच आठवण दिली.

"मला काय कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "उद्यापन झालं. जेवा की मुकाट्यानं."

उद्यापन केव्हा झाले, पुरोहित कोण होता, नारळ कोणी फोडला, हे विचारण्याची आमची छाती झाली नाही. आमचे मान खाली गेलेले तोंड पाहून त्यांनीच नळी ताटावर ठोकली, मगज काढून धाकट्याच्या भातावर घातला आणि विषय बदलला. पुढे पंधरा वर्षे त्या आमच्यात होत्या. त्यांनी पुन्हा कधी रविवार धरला नाही, आणि आम्हीही त्या हिवाळ्याचा उल्लेख त्यांच्यापुढे केला नाही. एवढी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत कित्येक आठवडे चालू होती आणि आपण ती देवावर सोपवून मोकळे झालो, याची लाज आम्हांस अजून वाटते.

भाचीस पाककृती सांगता सांगता आम्ही हे सारे सांगून बसलो. मराठी माणसास पाककृती थोडक्यात सांगता येत नाही, हे तिला ठाऊक असल्यामुळे ती निमूट ऐकत होती. उद्यापनाच्या गोष्टीवर ती हसेल असे आम्हांस वाटले होते. ती हसली नाही. फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. तेव्हा मात्र आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एका पौंडात सहा माणसे, हे तिने दोनदा का सांगितले? टर्की स्वस्त पडतो, हे आवर्जून का सांगितले? तेहेतीस वर्षांच्या धडधाकट मुलीस मांस एकाएकी जड का जावे? एकदा फसलेली माणसे आम्ही. दुसऱ्यांदा फसावयाचे नाही, एवढे तरी आईंचे आमच्यावर ऋण होते.

"तू कोणता वार धरला आहेस गं?" आम्ही विचारले.

ती एवढेच म्हणाली, "मामी, उद्यापनाला अजून दोन-तीन महिने लागतील."

मग सर्व सांगितले. जावयांची नोकरी ऑक्टोबरातच गेली होती. घराचे हप्ते होते, मुले शाळेत होती, आणि इकडे कळवून म्हाताऱ्यांस घोर कशाला लावावयाचा, असा तिचा विचार होता. आम्ही तिला उपदेश केला नाही. पैसे पाठवू का, असे विचारले. ती नको म्हणाली. आम्ही पुन्हा विचारणार आहोत. मात्र एक गोष्ट तिच्याकडून कबूल करून घेतली. वाढताना पहिल्यांदा स्वतःचे पान वाढावयाचे, आणि ते मुलांसमोर बसून संपवावयाचे. आईंस हे आम्ही सांगू शकलो नव्हतो.

हे लिहीत असता आमच्या दारावरून अवरेकाईची गाडी चालली आहे. जानेवारीत विश्वेश्वरपुऱ्याकडे अवरेबेळ्याची जत्रा भरेल आणि पावट्याचा डोसा, पावट्याची उसळ आणि पावट्याची जिलबीसुद्धा खावयास माणसांची झुंबड उडेल. काल पुन्हा भाचीचा फोन आला होता. आजीचा खिमा तिने करून पाहिला. मुलांनी दोनदा मागून घेतला, आणि तिनेही घेतला, असे ती शपथेवर सांगते. जावयांस दोन ठिकाणी मुलाखतीस बोलावणे आले आहे. फोन ठेवण्यापूर्वी तिने विचारले, "मामी, इथे पावटा मिळत नाही. त्याच्याऐवजी काय घालू?"

आम्ही म्हटले, जो दाणा तुमच्याकडे आज स्वस्त असेल तो घाल. पण रात्री भिजत टाक, आणि सकाळी सोलावयास मुलांना परातीभोवती बसव.